‘१ तास २२ मिनिटं’ येतात कुठून? कोल्हापूर–नागपूर, आर्क्टिक आणि अंतराचा हिशोब

या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे कानावरून निघून जातात, आणि हा भाग तर आकड्यांचाच आहे, म्हणून सगळं टाईप करून ठेवलंय. भाषा बोलतानाची तशीच ठेवलीय. मधले ‘अं...’, ‘म्हणजे...’ तेवढे गाळलेत.

इचलकरंजीच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. त्याला नागपूरला इंटरव्ह्यूला जायचं होतं. त्यानं फोनवर ‘कोल्हापूर ते नागपूर’ टाकलं. एका साइटनं सांगितलं, अंतर ७०० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ १ तास २२ मिनिटं. मॅपनं सांगितलं, ८०० किलोमीटरच्या वर, गाडीनं पंधरा तास धरा. रेल्वेच्या अ‍ॅपनं सांगितलं, १२०० किलोमीटरच्या वर, पंचवीस-सव्वीस तास. त्याचा प्रश्न एका ओळीचा होता. ‘दादा, नागपूर नेमकं किती लांब आहे?’

प्रश्न साधा वाटतो, पण लई भारी आहे. कारण तिन्ही उत्तरं बरोबर आहेत, फक्त तिन्ही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. आज आपण ते प्रश्न सुटे करून बघू. त्यासाठी जाताजाता थेट आर्क्टिकला जाऊन येऊ. कारण अंतर आणि वेळ यांचं भांडण जगात सगळ्यात स्पष्ट कुठं दिसत असेल, तर ते तिथल्या गावांत.

सरळ रेष म्हणजे नेमकी कुठली रेष?

ते ७०० किलोमीटर आधी घेऊ. हे हवाई अंतर. उजळाईवाडीच्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, नागपूर विमानतळाचे घ्यायचे आणि दोघांमधला पृथ्वीच्या पाठीवरचा सगळ्यात जवळचा मार्ग मोजायचा. मध्ये उजनीचं पाणी आहे की बालाघाटचे डोंगर, याच्याशी त्या रेषेला काही देणंघेणं नाही.

पण पृथ्वी गोल आहे आणि शाळेतला नकाशा सपाट. नारळावर दोन ठिपके काढा आणि त्यांच्यात दोरा ताणून धरा. तो दोरा जिथून जाईल, तो सगळ्यात जवळचा रस्ता. हाच दोरा सपाट नकाशावर काढला की वाकडा दिसतो. कोल्हापूर–नागपूरसारख्या छोट्या अंतराला हा वाकडेपणा डोळ्यांना कळतही नाही. लांबच्या प्रवासात मात्र कळतो. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू विमान कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला वैमानिकांच्या टीमनं उत्तर ध्रुवावरून आणलं होतं. नकाशात बघितलं तर वाटतं, हे लोक वर कशाला गेले? नारळावर दोरा ताणून बघा, म्हणजे कळेल.

अजून एक गंमत. विषुववृत्तावर एक अंश रेखांश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर. आपल्या कोल्हापुरात तोच एक अंश सुमारे १०७ किलोमीटरचा होतो. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर लाँगइयरबेन नावाचं गाव आहे, ७८ अंश उत्तरेला. तिथं एक अंश रेखांश फक्त २३ किलोमीटरचा! फणसाच्या काट्यांमधलं अंतर देठाकडं कमी होत जातं, तसंच हे. म्हणून फोनवरच्या नकाशात आर्क्टिकची गावं एकमेकांपासून आहेत त्यापेक्षा कितीतरी लांब दिसतात. तिथं डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, गणितावर ठेवायचा.

१ तास २२ मिनिटांची रेसिपी

आता ती मिनिटं. बऱ्याच साइट्सची रेसिपी अगदी सोपी असते. हवाई अंतराला ताशी ८०० किलोमीटर वेगानं भागायचं आणि उड्डाण-उतरणं यासाठी अर्धा तास मिळवायचा. झालं.

करून बघू. ७०० भागिले ८००, म्हणजे साडेबावन्न मिनिटं. अधिक तीस. १ तास २२ मिनिटं! आपल्या श्रोत्याला दिसलेला आकडा हाच. यात नागपूरला आज विमान आहे का, हे कुणी तपासलेलं नाही. त्या साइटला नागपूरच्या जागी उद्या तुमच्या मामाच्या शेताचे अक्षांश-रेखांश दिले, तरी ती तितक्याच आत्मविश्वासानं मिनिटं सांगेल.

८०० चा वेगही प्रत्येक विमानाला लागू होत नाही. पंखे दिसतात ती एटीआर जातीची विमानं साधारण ताशी ५०० किलोमीटरनं जातात. त्या वेगानं तेच ७०० किलोमीटर १ तास २४ मिनिटांचे होतात, वर तीस मिनिटं, म्हणजे १ तास ५४ मिनिटं. अर्ध्या तासाचा फरक नुसत्या विमानाच्या जातीमुळे पडला.

आणि विमानाची जात ठरते धावपट्टीवरून. आपलं विमानतळ जुनं आहे, राजाराम महाराजांच्या काळातलं, १९३९ मध्ये सुरू झालेलं. पण त्याची धावपट्टी वर्षानुवर्षं १३७० मीटरच होती. एवढ्याशा पट्टीवर छोटी विमानंच उतरणार. ती वाढवून १९३० मीटर केली आणि मोठ्या जेटसाठी दार थोडं उघडलं. २०२२ मध्ये रात्री विमान उतरवायची परवानगी मिळाली. त्याआधी सूर्य मावळला की विमानतळ बंद. म्हणजे दुपारचं विमान मागून उशिरा आलं की संध्याकाळी रद्दच. मार्च २०२४ मध्ये नवी टर्मिनल इमारत आली. आणि २०२५ मध्ये नागपूरला थेट विमान सुरू झालं. वेळ कमी करण्याचं काम आकाशात कमी आणि जमिनीवर जास्त होतं, ते असं.

आर्क्टिकमधल्या दोन जोड्या

चला, आता थंडीत जाऊ. दोन जोड्या घेऊ. दोन्हीत हवाई अंतर जवळपास सारखं आहे.

पहिली जोडी नॉर्वेतली. ट्रॉम्सो हे मुख्य भूमीवरचं उत्तरेचं शहर आणि मघाशी सांगितलेलं लाँगइयरबेन. हवाई अंतर सुमारे ९६० किलोमीटर. मध्ये नुसता समुद्र. लाँगइयरबेनची वस्ती अडीच हजाराच्या आसपास, आपल्याकडचं एक मध्यम गाव म्हणा. पण तिथं थेट जेट विमान जातं. आपल्या रेसिपीनं हिशोब केला तर १ तास ४२ मिनिटं येतात, आणि खरा वेळही साधारण तेवढाच, दीड-पावणेदोन तास.

दुसरी जोडी अमेरिका खंडातली. अलास्काच्या उत्तर टोकावरचं उत्कियाविक (ज्याला आधी बॅरो म्हणायचे) आणि कॅनडातलं इनुविक. हवाई अंतर सुमारे ९५० किलोमीटर. म्हणजे पहिल्या जोडीपेक्षा थोडं कमीच! साइट परत तशीच दीड-पावणेदोन तासाची वेळ सांगेल.

पण या दोन गावांमध्ये थेट विमानसेवा नाही. उत्कियाविकला बाहेरून रस्ताच येत नाही. तिथून निघायचं म्हणजे आधी विमानानं दक्षिणेला अँकरेजला यायचं. तिथून आणखी खाली, सिअॅटल-व्हँकुव्हरच्या बाजूला. देश बदलायचा, इमिग्रेशन करायचं. मग परत उत्तरेला व्हाइटहॉर्स, आणि तिथून छोट्या विमानानं इनुविक. शेजारच्या गावाला जायला हजारो किलोमीटरचा वळसा. कनेक्शन जुळली तरी दोन दिवस कुठं गेले नाहीत, आणि हवा बिघडली तर देवाचं नाव घ्या.

आता सांगा, या दोन जोड्यांत फरक कशाचा आहे? अंतराचा नाही. बर्फाचाही नाही, बर्फ दोन्हीकडं आहे. फरक इतकाच, की पहिली जोडी एकाच देशातली आहे, आणि तो मार्ग कुणीतरी चालवतंय. दुसऱ्या जोडीत मध्ये देशाची सीमा आहे. दोन्ही गावांचे व्यवहार आपापल्या देशाच्या दक्षिणेकडं बघत वाढलेत. एकमेकांकडं कुणी बघितलंच नाही.

गाव दुर्गम असतं ते नकाशावरच्या जागेमुळं कमी आणि जोडणीमुळं जास्त. पुढचा सगळा भाग या एका वाक्यावर उभा आहे.

पावणेदोन तास, पण तीन आठवडे

लाँगइयरबेन सुटलं असं समजू नका. तिथं छोटं हॉस्पिटल आहे, पण ठरलेली बाळंतपणं तिथं करत नाहीत. गरोदर बायकांना तारखेच्या साधारण तीन आठवडे आधी मुख्य भूमीवर जावं लागतं. कारण ऐन वेळी काही गुंतागुंत झाली आणि बाहेर वादळ असेल, तर ते पावणेदोन तासाचं विमान उडणारच नाही.

बघा, कागदावर प्रवास पावणेदोन तासांचा. पण त्या बाईच्या आयुष्यात तो प्रवास तीन आठवड्यांचा. घर सोडून, कदाचित मोठं मूल मागं ठेवून. जिथं खात्री नसते, तिथं माणूस वेळ आधीच भरून ठेवतो.

हे आपल्याकडं नाही असं नाही. घाटमाथ्यावरच्या किंवा धनगरवाड्यावरच्या घरातली पोर पावसाळ्यात बाळंत होणार असेल, तर ओढ्याला पाणी यायच्या आत तिला खाली नातेवाइकांकडं आणून ठेवतात. तिला नॉर्वे माहीत नाही, पण गणित तेच.

आपला वळसा : महाराष्ट्र एक्सप्रेस

आता परत घरी. रेल्वेचे १२०० किलोमीटर कुठून आले?

कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ मध्ये, शाहू महाराजांच्या काळात, मिरजेहून. आणि ती इथंच थांबली. आपलं स्टेशन हे शेवटचं स्टेशन, पुढं रूळ नाहीत. म्हणजे कुठंही जायचं तर आधी उलटं मिरजेला जायचं. नागपूरला जाणारी आपली गाडी म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेस, कोल्हापूर ते गोंदिया. एका राज्याच्या आतल्या आत इतकं लांब धावणारी म्हणून ती प्रसिद्ध आहे. मिरज, सांगली, कराड, सातारा, पुणे, दौंड, अहिल्यानगर, मनमाड, भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा आणि मग नागपूर. पूर्वेला जायचंय आणि आपण आधी उत्तरेला खानदेशापर्यंत चढतोय!

सरळ ७००, रुळावर १२०० च्या वर. यातून एक मजेशीर आकडा निघतो, त्याला मी ‘सरळ वेग’ म्हणतो. प्रत्यक्ष कितीही पळा, सरळ रेषेत तुम्ही ताशी किती पुढं सरकलात ते बघायचं. ७०० किलोमीटर भागिले सव्वीस तास, म्हणजे ताशी २७ किलोमीटर. गाडी पळतेय पन्नासच्या आसपास, पण नागपूर जवळ येतंय सायकलवाल्याच्या वेगानं.

याहून भारी उदाहरण रत्नागिरीचं. कोल्हापूरपासून हवाई अंतर जेमतेम १०५ किलोमीटर. आंबा घाटातून रस्त्यानं १३० च्या आसपास. पण रेल्वेनं जाऊन दाखवा! मध्ये सह्याद्री उभा आहे. एक तर पुणे-पनवेलवरून फिरून या, नाही तर लोंढा-मडगाववरून. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेमार्गाची चर्चा वर्षानुवर्षं आपण ऐकतोय, ती या एका डोंगरासाठी. आपलं उत्कियाविक–इनुविक इतकं जवळ आहे.

दारापासून दारापर्यंत

कुणी म्हणेल, मग विमान म्हणजे सगळ्यावर उपाय. थांबा, हिशोब करू. मुंबईचं उदाहरण घेऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा प्रवास तोच.

कोल्हापूर–मुंबई हवाई अंतर सुमारे ३०८ किलोमीटर. रेसिपीनं येतात ५३ मिनिटं, तासच धरू. आता रंकाळ्याजवळच्या घरातून निघा. विमानतळापर्यंत अर्धा तास. दीड तास आधी पोचायचं. विमानात एक तास. उतरून, सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास. तिथून दादरला जायला एक तास, तेही मुंबईचा मूड चांगला असेल तर. बेरीज साडेचार तास. ३०८ भागिले साडेचार, म्हणजे सरळ वेग ताशी ६८ किलोमीटर. म्हणजे आकाशातून जाऊन आपण हायवेवरच्या मोटरसायलचा वेग काढला!

तरी रस्त्याच्या सात-आठ तासांपुढं हे बरंच. पण रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसशी तुलना केली की गोष्ट पालटते. ती अकरा तास घेते, पण झोपेत. दिवसातला वेळ जवळपास शून्य. ज्याला सकाळी दहाला मंत्रालयात किंवा टाटा हॉस्पिटलला पोचायचंय, त्याला अकरा तासांची गाडी साडेचार तासांच्या विमानापेक्षा सोयीची पडू शकते. परत तिकिटाच्या पैशांचा हिशोब वेगळाच.

नागपूरला मात्र विमान खरंच मैदान मारतं. दाराबाहेरचे तेच तास, उड्डाण दीड तास धरा, नागपुरात विमानतळ शहराला लागून आहे. सगळं मिळून साडेचार तासच. सरळ वेग ताशी १५५. अंतर जितकं जास्त, तितका जमिनीवर वाया जाणारा वेळ विरघळून जातो. म्हणून तीनशे किलोमीटरला विमान घेताना दोनदा विचार करायचा, सातशेला एकदाच.

विमान रोज नसेल तर?

एक गोष्ट कुठलीच साइट मोजत नाही. पुढचं विमान कधी आहे?

समजा एखाद्या मार्गावर आठवड्यातून तीनच दिवस विमान आहे. तुम्हाला बुधवारी संध्याकाळी फोन आला, उद्या या. आणि विमान थेट शुक्रवारी. मग साडेचार तासांचा प्रवास दोन दिवसांचा झाला. त्यापेक्षा सव्वीस तासांची रेल्वे लवकर पोचवेल. वेळापत्रकातली मोकळी जागा हाही प्रवासाचाच वेळ असतो.

आणि मार्ग टिकेल का, हा त्याहून मोठा प्रश्न. २०१० च्या दशकात कित्येक वर्षं कोल्हापुरातून नियमित प्रवासी विमान उडतच नव्हतं. विमानतळ होतं, धावपट्टी होती, हवाई अंतर तेच होतं. विमान तेवढं नव्हतं. ‘उडान’ योजना आल्यावर गाडी परत रुळावर आली. त्या योजनेत काही जागांचं भाडं मर्यादेत ठेवायचं आणि कंपनीचा तोटा सरकारनं ठरावीक काळ, साधारण तीन वर्षं, भरून द्यायचा. तीन वर्षांनी कंपनीनं आपल्या पायावर उभं राहायचं. जिथं प्रवासी पुरेसे मिळतात तिथं मार्ग टिकतो, नाही तर मदत संपली की विमानही जातं.

उत्तर नॉर्वेत यावर वेगळा विचार आहे. तिथं जेमतेम ८०० मीटरच्या धावपट्ट्या असलेली छोटी-छोटी विमानतळं आहेत, आपल्या जुन्या १३७० पेक्षाही कितीतरी आखूड. तिथले तोट्यातले मार्ग सरकार कंत्राट देऊन चालू ठेवतं. त्यांच्या लेखी ते विमान म्हणजे आपल्या गावातली मुक्कामी एसटी. प्रवासी चार असले तरी ती आली पाहिजे, कारण ती नसली की गावच तुटतं.

शिरोलीचा पूल आणि अनंत अंतर

तुटणं म्हणजे काय, हे कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही.

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, आणि पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू हायवे पाण्याखाली. जवळपास आठवडाभर रस्ता बंद, ट्रकच्या रांगा कितीतरी किलोमीटर. शिरोलीपासून शहर पाच-सहा किलोमीटर. रोज लोक मोपेडवरून ये-जा करतात ते अंतर. त्या आठवड्यात वेळ किती? सांगताच येत नाही. पेट्रोल, दूध, भाजी, औषधं, सगळं पलीकडं अडकलेलं. जुलै २०२१ मध्ये परत तेच.

त्या दिवसांत कोल्हापूर हे आर्क्टिकमधलं गाव झालं होतं. कॅनडाच्या नुनावुत प्रदेशात २५ गावं आहेत. त्यातल्या एकाही गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ता नाही. सगळं येतं ते विमानानं, नाही तर उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर जहाजानं. आपण जे आठवडाभर भोगलं, ते तिथं कायमचं आहे.

आणि त्या आठवड्यात उजळाईवाडीची धावपट्टी शहराच्या बाजूला, उंचावर, कोरडी होती. मदतीसाठी आभाळाची वाट उघडी राहिली. विमानतळाचा हिशोब नुसत्या प्रवाशांच्या आकड्यांवर करणाऱ्यांनी हे दिवस विसरू नयेत, असं माझं मत आहे. दारातली विहीर रोज लागत नाही, पण नळ गेला की तिची किंमत कळते.

रेष कुणाच्या रानातून जाते

मग उपाय काय, सगळीकडं सरळ रस्ते काढायचे? मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. गंमत बघा, कोल्हापूर–नागपूर सरळ अंतरही तेवढंच. पण समृद्धी आपल्या बाजूनं जात नाही. आपल्या बाजूनं प्रस्ताव आला तो शक्तिपीठ महामार्गाचा, वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत, मूळ आराखड्यात सुमारे ८०२ किलोमीटर, १२ जिल्ह्यांतून. नागपूर–गोवा प्रवासाचे तास निम्म्यावर येतील, असं सरकार सांगतं. आणि सगळ्यात कडवा विरोध झाला तो कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचा.

दोन्ही बाजूंची मतं तुम्ही ऐकली असतील, त्यावर वेगळा भाग करू. आज एवढंच म्हणतो. नकाशावर रेष ओढताना ती पातळ दिसते, पण जमिनीवर ती कुणाच्या तरी उसाच्या फडावर, विहिरीवर, पाइपलाइनवर पडते. एकाचे तास वाचवायला दुसऱ्याची बारमाही पाण्याची जमीन जाणार असेल, तर तो हिशोब नुसत्या तासांत मांडता येत नाही.

अंतर कमी करायचा आणखी एक मार्ग आहे. जिथं जावं लागतं, तेच जवळ आणायचं. त्याचं उदाहरण आपल्या शहरातच आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, असे सहा जिल्हे. त्यासाठी वकिलांनी आणि लोकांनी कित्येक दशकं आंदोलन केलं. त्या मागणीच्या मुळाशी काय होतं? हेच, अंतर आणि वेळ. चंदगडच्या शेतकऱ्यानं एका तारखेसाठी मुंबईला जायचं म्हणजे जायची रात्र, यायची रात्र, मधला दिवस, राहणं-खाणं, वकिलाचा खर्च. आणि तिथं गेल्यावर पुढची तारीख! ते अंतर विमानानं कमी झालं नसतं, कारण विमानाचं तिकीट त्याला परवडणारं नव्हतं. न्यायालयच तीनशे किलोमीटर अलीकडं आलं. रूळ टाकला नाही, रस्ता केला नाही, तरी हजारो लोकांचा प्रवास वाचला.

तर मग, नागपूर किती लांब आहे?

आता आपल्या मित्राचं उत्तर. भावा, पुढच्या वेळी कुठलंही अंतर बघशील तेव्हा पाच प्रश्न विचार :

१. हे अंतर सरळ रेषेचं आहे, रस्त्याचं आहे की रुळाचं?
२. सांगितलेला वेळ खऱ्या वेळापत्रकातला आहे की नुसता भागाकार?
३. माझ्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत किती तास?
४. आजचं गेलं तर पुढचं कधी?
५. पाऊस, धुकं, संप, पूर, यातलं काही आलं तर दुसरी वाट कुठली?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फोन देतो. तिसऱ्याचं आपल्याला बेरीज करून मिळतं. चौथ्या आणि पाचव्याचं उत्तर मात्र धावपट्टी, पूल, वेळापत्रक आणि त्यांच्यासाठी पैसे ठेवणारं सरकार यांच्याकडं असतं. म्हणून ते प्रश्न फोनला विचारून उपयोग नाही. निवडणुकीच्या वेळी दारात येणाऱ्यांना विचारायचे.

इंटरव्ह्यूचं म्हणशील तर, विमानाचा दिवस तुझ्या तारखेला जुळत असेल तर विमान. नसेल जुळत तर एक दिवस आधी महाराष्ट्र एक्सप्रेस, वरचा बर्थ, आणि घरून बांधून घेतलेली भाकरी-चटणी. सव्वीस तास आहेत, अभ्यास पण होऊन जाईल.

तुमच्या गावाचं एक अंतर मला पाठवा, नकाशात जवळ पण प्रत्यक्षात लांब असलेलं. नदीपलीकडचं गाव असेल, घाटाखालचं असेल, किंवा एसटी बंद झाल्यामुळं लांब गेलेलं कॉलेज असेल. सरळ अंतर किती आणि दारापासून दारापर्यंत वेळ किती, एवढे दोनच आकडे पुरेत. सरळ वेग आपण मिळून काढू.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम!